चौदा नंबरची पेटी

आमच्या तळोद्याच्या घरात, पुढच्या खोलीच्या खिडकीखाली, दहाएक वर्षं एक पत्र्याची पेटी होती. निळा रंग, कडांना गंज, झाकणावर ब्रशने काढलेला पांढरा चौदाचा आकडा आणि कडीला एक छोटं पितळी कुलूप. पेटी आमची नव्हती. माझी बायको मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिका होती. निवृत्त झाली त्या दिवशी तिने तिथून दोनच गोष्टी घरी आणल्या: ही पेटी आणि कॉम्प्युटरमधल्या तिच्या मुलींच्या यादीची एक प्रत. पेटीवर मी पुस्तकं ठेवायचो. दर सोमवारी ती पुस्तकं उचलायची, झाकण पुसायची आणि पुस्तकं पुन्हा त्याच क्रमाने ठेवायची. क्रम कधी चुकला नाही.

मागच्या वर्षी शेतांत मिरच्या वाळत पडल्या होत्या त्या दिवसांत ती गेली. शेवटचे पंधरा दिवस सुरतेच्या दवाखान्यात होती. बोलणं फार कमी झालं होतं. एका सकाळी मी तिला चमच्याने चहा देत होतो, तेव्हा ती म्हणाली, "तेवढी चौदा नंबर पोचाडी द्या."

मी हो म्हणालो. कोणाला, ते विचारलं नाही. घरी गेल्यावर विचारू असं वाटलं. शिवाय नाव यादीत असणारच, ती सगळं लिहून ठेवते, असंही वाटलं. चमचा पुन्हा बशीत बुडवला. विचारायला किती वेळ लागला असता, याचा हिशेब मी आजवर अनेकदा केला आहे. दोन शब्द होते.

वसतिगृहात मुली सातपुड्यातल्या गावांतून, पाड्यांवरून यायच्या. प्रत्येकीची आपापली पेटी असायची. खाटेचा जो नंबर मिळेल तोच पेटीवर रंगवायचा. पुढच्या वर्षी खाट बदलली की जुना आकडा खरवडून नवा काढायचा. पेटीची किल्ली काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात. आणि एक नियम बायकोने पहिल्या वर्षीच घालून दिला होता: दुसरीच्या पेटीचं कुलूप कोणी तोडायचं नाही, अधीक्षिकेनेसुद्धा नाही. किल्ली हरवली तर जिची पेटी तिनेच दगड घ्यायचा. "तिन्ही पेटी, तिन्हा दगड," ती आमच्या बोलीत म्हणायची; तिची पेटी, तिचाच दगड.

दिवाळीच्या सुट्टीला मुली घरी जायच्या. जीप फाटकाशी लागली की बायको तिथे उभी राहायची. एखादी मुलगी "जाते मॅडम" म्हणाली की तिला थांबवायची. "काय म्हणायचं?" मुलगी जीभ चावायची. "येते मॅडम." मग फाटक उघडायचं. आमच्याकडे हे प्रत्येक घरी शिकवतात, त्यात नवल नाही. पण ती त्याबाबत फार कडक होती. सुट्टी संपल्यावर सगळ्याच यायच्या असं नव्हतं. आईबाप ऊसतोडीला गुजरातेत निघाले की धाकट्या भावंडांना सांभाळायला मोठीला बरोबर घेऊन जायचे. मग एखादी खाट रिकामी राहायची आणि खाटेखाली पेटी तशीच. कोणाचा तरी काका कधीतरी येऊन ती घेऊन जायचा. चौदा नंबरची पेटी न्यायला कोणी आलं नाही.

"जीपवाल्याबरोबर पाठवून दे ना," मी एकदा म्हणालो होतो.

"पेटी काय पार्सल शे का?" ती म्हणाली. "तिन्ही पेटी तिन्हाच हातमा जाई."

दर होळीला, ऊसतोडीची माणसं गावी परततात तेव्हा, ती एक दिवस वर डोंगरात जाऊन यायची. "पोरींना भेटून येते," म्हणायची. मला वाटायचं, सगळ्याच पोरींना.

यादीचा जन्म मला चांगला आठवतो, कारण तिची आखणी बायको रोज रात्री आमच्या जेवणाच्या टेबलावर कागदावर करायची. वसतिगृहात कॉम्प्युटर आला आणि फुलाफुलांच्या कापडाखाली झाकून ठेवला गेला. ती नंदुरबारला काही दिवसांचं प्रशिक्षण करून आली आणि एक जाड पुस्तक घेऊन बसली. रजिस्टरमध्ये होतं तसंच एक लांबलचक टेबल तिने आधी बनवलं. नाव, वडलांचं नाव, गाव, जन्मतारीख, खाट, सुट्टी, सगळं एका ओळीत. प्रत्येक मुलगी वेगळी ओळखता यावी म्हणून नाव आणि जन्मतारीख मिळून तिची ओळख, असं तिने यंत्राला सांगितलं. थोड्याच नोंदी झाल्या आणि यंत्र अडलं. ही मुलगी आधीच आहे, म्हणालं. तिने पाहिलं, नाव तेच, जन्मतारीख तीच, आणि मुली दोन. वर पुष्कळ घरांत मूल ज्या वारी जन्मलं त्या वारावरून नाव ठेवतात, तेव्हा नावं पुन्हापुन्हा येतात. आणि तारीख? शाळेत नाव घालताना जन्मदिवस कोणाला माहीत नसला की गुरुजी एक जून लिहून मोकळे होतात. आमच्या पिढीतले अर्धे लोक कागदावर एक जूनचे आहेत. मीही.

घरी येऊन सांगताना ती हसत सुटली. "बठ्ठा डोंगर एकच दिनले जन्मना! आन् तुम्हीबी!"

मग तिने खाटेचा नंबर हीच मुलीची ओळख धरली. ते वर्षभर छान चाललं. जूनमध्ये नव्या मुली आल्या, तिने सात नंबरच्या जागी नव्या मुलीचं नाव टाकलं आणि जुनी सात नंबरची मुलगी नाहीशी झाली. मग आठ, मग नऊ. दुपारपर्यंत काय झालं हे तिच्या लक्षात आलं तेव्हा एकवीस मुली पुसल्या गेल्या होत्या. त्या दिवशी ती जेवली नाही. कागदाच्या रजिस्टरवरून तिने त्या एकवीस जणी पुन्हा लिहून काढल्या, प्रत्येकीचं नाव तोंडाने म्हणत.

त्यानंतर तिने सगळं मोडून पुन्हा मांडलं. प्रत्येक मुलीला एक क्रमांक, जो एकदा दिला की दुसऱ्या कोणालाही द्यायचा नाही, ती शाळा सोडून गेली तरी नाही. आणि एका टेबलाची चार टेबलं: मुली, गावं, खाटा, सुट्ट्या. खाटांच्या टेबलात कोणती मुलगी कोणत्या वर्षी कोणत्या खाटेवर. सुट्ट्यांच्या टेबलात कोण कधी गेली, आणि 'परत' नावाचा एक रकाना. मुलगी फाटकातून आत आली की तिथे 'आली' लिहायचं. त्याच्या पुढे शेरा.

ती हे सगळं मला समजावून सांगायची. मी समोर बसून वह्या तपासत असायचो. मी तिथल्याच शाळेत मराठी शिकवायचो, वसतिगृहाच्या मुली माझ्याच वर्गात यायच्या.

"ऐकी ऱ्हायनात का?"

"ऐकी ऱ्हायनू ना," मी म्हणायचो आणि पुढची वही ओढायचो.

आज ते सगळं पुन्हा ऐकायला मिळावं म्हणून मी काय देईन, ते सांगता येणार नाही. खाटा मुलींपासून वेगळ्या का काढल्या, गावांना वेगळं टेबल कशाला. तिने विचारावं, ऐकी ऱ्हायनात का, आणि मी लाल पेनाचं टोपण लावावं.

दिवसपाणी आटोपल्यावर पहिला महिना मी घरच्या कॉम्प्युटरवरचं कापड काढलं नाही. तेही फुलाफुलांचंच, वसतिगृहातलं फाटल्यावर तिने तसंच दुसरं शोधून आणलं होतं. मग एका सोमवारी सकाळी पेटी पुसली, पुस्तकांचा क्रम चुकला, आणि मी तिथेच खुर्ची ओढून यंत्र सुरू केलं. तिची चार टेबलं दिसली. खाटांच्या टेबलात सगळीकडे नुसते आकडे होते, मुलींचे क्रमांक, नाव एकही नाही. मी तीन दिवस त्या आकड्यांकडे पाहत बसलो आणि चौथ्या दिवशी नवापूरला मेहुणीला फोन केला.

बायकोची ही धाकटी बहीण एका पोल्ट्रीचं दप्तर सांभाळते. पिल्लांच्या तुकड्या, खाद्य, वजनं, लसी, सगळं ती अशाच एका डेटाबेसमध्ये ठेवते. तो करायला बायकोनेच तिला शिकवलं होतं.

"इतला पुस्तकं वाचात तुम्ही, भाऊजी, आन् एक क्वेरी येस नही?"

"येस नही."

"ताई व्हती तवय काय करी ऱ्हायंतात?"

मी यंत्रावर कापड टाकलं. ती नरमली. मग म्हणाली, "रविवारी येस मी."

रविवारी ती एसटीने आली, ताईच्या खुर्चीवर बसण्याआधी जराशी घुटमळली, आणि बसली. क्वेरी म्हणजे यंत्राला विचारलेला प्रश्न, तिने मला सांगितलं. यंत्र तेवढ्याच प्रश्नाचं उत्तर देतं, तुमच्या मनातल्या प्रश्नाचं नाही. तिने चारही टेबलं एकमेकांना जोडली. मुलीच्या क्रमांकावरून नाव, गावाच्या क्रमांकावरून गाव. मग विचारलं: चौदा नंबरच्या खाटेवरच्या मुली दाखव. आठ नावं आली. मी ती वाचली. आठांपैकी एकीचाही चेहरा डोळ्यांसमोर आला नाही, आणि त्या सगळ्या माझ्या वर्गात बसलेल्या होत्या.

आता विचारायचं राहिलं होतं ते सोपं होतं. परत न आलेली कोण? मेहुणीने 'परत' या रकान्यात 'नाही' शोध, असं लिहिलं. यंत्राने कोरी पाटी दाखवली. तिने खाट काढून टाकली, फक्त चौदाच नव्हे, सगळ्या मुलींत शोध, म्हणाली. कोरी पाटी. मग तिने उलटं विचारलं: 'परत' मध्ये 'आली' नाही अशा सगळ्या दाखव. पुन्हा कोरी पाटी.

"दखा," ती म्हणाली, "बठ्ठ्या उन्यात. कोनी बाकी नही."

"मग ही पेटी?"

तिने खिडकीकडे पाहिलं. "तोडा ते कुलूप. मझार नाव लिखेल व्हई कोठे तरी. वहीवर, पुस्तकावर."

"नाही."

"भाऊजी, कुलूप शे ते. देव नही."

"नाही म्हटलं ना."

माझा आवाज चढला होता. ती उठून आत गेली आणि चहा ठेवला. चहाच्या वेळी दोघंही पावसाबद्दल बोललो. निघताना तिने चपला घातल्या, दाराशी वळली आणि म्हणाली, "बरं, येस मी, भाऊजी."

मी दाराशीच उभा राहिलो. कारण हेच शब्द, याच उंबऱ्यावर, जवळजवळ याच आवाजात मी दोनएक महिन्यांपूर्वी ऐकले होते. गाडी बाहेर उभी होती, मी पिशवी उचललेली, आणि बायको भिंतीला धरून उंबरा ओलांडताना घराकडे वळून म्हणाली होती, "येस मी." घरात कोणी नव्हतं. ती खिडकीखालच्या पेटीला म्हणाली की भिंतींना, मला ठाऊक नाही. सुरतेला डॉक्टर काय सांगणार हे तिला माहीत होतं, मलाही. तरी 'जास', जाते, असं म्हणाली नाही.

ही बाई एखाद्या मुलीच्या नावापुढे 'नाही' लिहील का?

मी यंत्रापाशी परत गेलो. प्रश्न विचारता येत नव्हता, तेव्हा सुट्ट्यांचं टेबल उघडून 'परत'चा तेवढा रकाना वरून खाली वाचू लागलो, एखादं पुस्तक वाचावं तसं. आली, आली, आली, आली. पानभर आली. आणि मग एक रकाना रिकामा. पुढे पुन्हा आली, आली. पुष्कळ खाली, आणखी एक रिकामा. त्या रकान्यात तिने काहीही लिहिलं नव्हतं. जागा राखून ठेवली होती.

मेहुणी अजून एसटीतच होती. फोनवर गाडीचा खडखडाट ऐकू येत होता. मी सांगितलं. ती स्वतःवरच चिडली.

"अरे देवा! मालेच समजाले पाहिजे व्हतं. रिकामं ते वेगळं इचारनं पडस. 'आली' शे का? माहीत नही. 'आली' नही का? तेबी माहीत नही. दोन्ही बाजूनं ते सुटी जास."

"पण रिकामं म्हणजे नाहीच ना?"

"वजन करेल नही त्या पिल्लानं वजन शून्य ऱ्हास का, भाऊजी? वजन करेल नही, इतलंच!"

बसमधलं कोणीतरी हसलं असावं, कारण तिने आवाज खाली आणला आणि रिकामं कसं विचारायचं ते मला शब्दाशब्दाने सांगितलं. मी कागदावर उतरवून घेतलं. विचारलं. अकरा नावं आली. मी खाटांचे नंबर पाहिले. तीन, बावीस, नऊ, एकोणीस. चौदा नव्हता.

तो आठवडा फार जड गेला. वाटू लागलं की मी सुरतेला नीट ऐकलंच नाही. की औषधांच्या गुंगीत ती कुठल्या तरी जुन्या दिवसात होती. रोज सकाळी यंत्र सुरू करायचो आणि ती अकरा नावं वाचायचो. असंच एकदा, नुसतं 'मुली' हे टेबल उघडलेलं असताना, तळाशी एकूण नोंदींचा आकडा दिसला. मी शाळेचं वाचनालय वीस वर्षं सांभाळलं आहे. दरवर्षी मे महिन्यात दाखलनोंदीतली पुस्तकं आणि कपाटातली पुस्तकं ताडून पाहायचो. आकडे दिसले की ताडून पाहायची सवय हाताला आहे. मेहुणीने जोडलेल्या क्वेरीत कुठलीही अट न घालता सगळ्या मुली मोजल्या. टेबलापेक्षा चार कमी.

कपाटात चार पुस्तकं कमी भरली तर वाचनालयवाला झोपत नाही. मी पुन्हा नवापूरला फोन केला.

"जोडेल शेत ना टेबलं," मेहुणी म्हणाली, "तवय ज्या पोरीनं गाव सापडस तीच येस. गाव नही, ते पोरबी नही."

"गाव नसेल असं कसं होईल?"

"ते ताईले माहीत."

ते मलाही माहीत होतं. आठवायला उशीर लागला इतकंच. नदीकाठची काही गावं धरणाच्या पाण्याखाली गेली आणि तिथली घरं उठून इकडे सपाटीला, काही आणखी वर डोंगरात बसली. त्या वर्षी बायको एका संध्याकाळी म्हणाली होती, चार पोरींचं गाव काय लिहू? जुनं लिहिलं तर ते आता नाही, नव्याला अजून नाव नाही. मी म्हणालो होतो, राहू दे तसंच. तिने राहू दिलं.

त्या चौघींना यंत्र माझ्या शब्दाखातर इतके दिवस गाळत होतं.

मेहुणीने दोन टेबलांमधल्या रेघेवर कुठे टिचकी मारायची ते सांगितलं. तिथे निवडायचं असतं: दोन्हीकडे जुळेल तेवढंच, की मुली सगळ्या, गाव असो वा नसो. मी दुसरं निवडलं. मग चौदा नंबर विचारला. आता नऊ नावं आली. नवव्या नावापुढे गाव रिकामं होतं, 'परत' रिकामं होतं, आणि शेऱ्यात बायकोचं अक्षर. अक्षर कसलं, यंत्राचीच अक्षरं. पण मला ते तिचं अक्षर दिसलं.

'होळीला गेले. आजी भेटली. गुजरातेतून यायची आहेत.' खाली, 'होळीला गेले. यंदा कारखाना उशिरा सुटला.' अशा पाच ओळी. मग, 'लग्न झालं. सासर वरच्या पाड्याला, शाळेच्या मागे. पुढच्या होळीला पेटी घेऊन जाणे.' आणि शेवटी एकच शब्द: 'गुडघे.'

दर होळीला मी तिला सकाळी जीपच्या थांब्यावर सोडलं होतं आणि संध्याकाळी घ्यायला गेलो होतो. एकदाही, कोण भेटलं, असं विचारलं नव्हतं. भाकरी खाल्लीस का, एवढंच विचारायचो.

मी होळीची वाट पाहिली. होळीला दोन दिवस असताना पेटीवरची पुस्तकं जमिनीवर काढली, झाकण पुसलं आणि पेटी हातगाडीवरून जीपच्या थांब्यावर नेली. टपावर गाठोडी, नवे ढोल, गुळाच्या ढेपा बांधणं चाललं होतं.

"सर, जड शे ना. काय शे मझार?" जीपवाल्याने विचारलं.

"माहीत नाही."

"तुम्हनीच पेटी ना?"

"नाही."

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. "मंग पेटीले टपवर नको. पेटी पुढे बसाडस, तुम्ही बसा मांगे." सगळे हसले. पण त्याने खरंच पेटी पुढच्या सीटवर, आपल्या शेजारी ठेवली आणि वळणावळणावर तिला हाताने धरत राहिला. मी मागे, ऊसतोडीहून परतणाऱ्या एका कुटुंबाच्या भांड्यांमध्ये गुडघे मिटून बसलो. ती दरवर्षी कुठे बसायची असेल, याचा विचार करत होतो.

वरचा पाडा जीपवाल्याच्या रस्त्यावरचाच होता; तिथे शाळेमागे तीन घरं होती. मधल्या घराच्या अंगणात एक बाई मोहाच्या झाडाखाली धान्य पाखडत होती. जवळ सातआठ वर्षांची मुलगी. जीपवाल्याने पेटी अंगणात आणून ठेवली. बाईने सूप खाली ठेवलं, पण माझ्याकडे पाहिलं नाही. ती आकड्याकडे पाहत होती.

मग मान वर केली. "सर?"

"ओळखलंस?"

"तुम्ही मराठी शिकवायचे," ती म्हणाली. शाळेतली मराठी तिला आठवून आठवून बोलावी लागत होती. "खिडकीकडे बघून शिकवायचे. आमच्याकडे बघत नव्हते."

तिने ते तक्रार म्हणून सांगितलं नाही. मी हो म्हणालो.

तिने माझ्या मागे, पायवाटेकडे पाहिलं. थोडं बाजूला सरून, झाडाआड कोणी आहे का असं पाहिलं.

"मॅडम नाही आल्या?"

सोपा प्रश्न होता. उत्तरही एका शब्दाचं. वर येताना ते मी चार प्रकारांनी मनात जुळवून ठेवलं होतं. त्यातला एकही न सांगता मी पेटीचं झाकण पुसू लागलो. ती वाट पाहत राहिली. मोहाची फुलं खाली पडत होती. मग हळूहळू तिचा हात गळ्याकडे गेला, जिथे आता मण्यांच्या माळा होत्या, आणि तिथेच राहिला. तिने दुसऱ्यांदा विचारलं नाही.

तिने मुलीला काहीतरी सांगितलं, तिच्या बोलीत. मुलीने खाट बाहेर आणली, माझ्यासाठी तांब्या आणला. मी पाणी पिईपर्यंत ती पेटीजवळ बसली होती.

"किल्ली उसाच्या फडात पडली," ती म्हणाली. "पहिल्याच वर्षी. लय शोधली."

"दगड घे," मी म्हणालो.

ती पहिल्यांदा हसली. नियम तिच्या लक्षात होता. चुलीजवळचा दगड तिने उचलला, दोन घाव घातले आणि कडी सुटली. आत शाळेचे दोन गणवेश घडी घालून ठेवलेले, मधोमध धुण्याच्या साबणाची एक वडी, सुकून तडकलेली. कपड्यांना अजून साबणाचा वास होता. कंगवा, स्टीलची ताटली, पाटीच्या आकाराचा आरसा. मराठीची वही. मी वही हातात घेतली. प्रत्येक पानाखाली लाल शाईत माझी सही होती, ऐटीत, शेपटी ओढलेली. सहीच्या वर जे लिहिलेलं होतं त्यातली एक ओळही मला आठवत नव्हती. मी तिथेच, खाटेवर बसून, पहिल्या पानापासून वाचायला लागलो. ती भाकरी टाकायला आत गेली. तिच्या मुलीने गणवेशाचा शर्ट फ्रॉकवरच चढवला आणि आरशात पाहू लागली. बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या तरी उरत होत्या.

वही संपली तेव्हा उन्हं कलली होती. जीप परतायची वेळ झाली. वही मी पेटीत ठेवत होतो तर ती म्हणाली, राहू द्या, घेऊन जा. मी घेतली.

"येतो," मी म्हणालो.

"पुढच्या होळीला," ती म्हणाली.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्र सुरू केलं आणि तिची नोंद काढली. 'परत'च्या रकान्यापाशी बराच वेळ थांबलो. तिथे काही लिहिणं माझं काम नव्हतं. तो तसाच ठेवला. शेऱ्यात, 'गुडघे'च्या खाली, एका बोटाने अक्षर अक्षर शोधत लिहिलं: 'होळीला गेलो. पेटी पोचली. तिने तुझी चौकशी केली.'

बाकीच्या रिकाम्या रकान्यांच्या नोंदींत शेरे आहेत. त्या मुलींच्या पेट्या गेल्या, पण काहींचे शेरे मध्येच थांबलेत, ज्या वर्षी तिचे गुडघे गेले त्याच वर्षी. त्यांतल्या तिघींची गावं त्याच रस्त्यावर आहेत. मी जीपवाल्याला विचारून ठेवलं आहे.